उपाशीपोटी, दिवसातून चार वेळा

३ फेब्रुवारी, सोमवार

धाकटे,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहून शाई कशाला घालवू. तब्येत ठीक आहे, असं पुढचं वाक्य सवयीने येणार होतं, पण या वेळी ते खोटं होईल. उजवीकडची खालची दाढ. गेला आठवडाभर गाल असा टम्म फुगला होता की गिऱ्हाईक घड्याळ पुढे करायचं आणि बघायचं माझ्या तोंडाकडे. एका बाईने तर विचारलं, "तुम्ही नंतर याल का?" दुकान माझं, आणि मीच नंतर येऊ!

शेवटी शनिवारी दातांच्या डॉक्टरकडे गेले. पोरगाच आहे, पण हात हलका. हिरडीतलं गळू फोडलं, पू काढला, आणि दाढ पुढच्या महिन्यात काढू म्हणाला, आधी गोळ्यांनी जंतू मरू देत. गोळ्यांचं नाव वाचून मला हसूच आलं. पेनिसिलिन. तुझी जन्माची वैरीण! त्याने विचारलं, "हे औषध कधी सोसलं नाही, असं झालंय का?" मी म्हटलं, "मला नाही, माझ्या धाकट्या बहिणीला चालत नाही. तिच्या पर्समध्ये तसं कार्ड आहे. आणि गंमत म्हणजे ती स्वतः औषधांच्या दुकानात बसते." तो म्हणाला, "बहिणीचं राहू द्या, तुमचं सांगा." मी म्हटलं, "माझं काही नाही." त्याने कागदावर लिहून टाकलं, काही नाही.

अठ्ठावीस गोळ्या आहेत. पू गेल्यावर ठणका थांबला, म्हणून अजून सुरुवात केलेली नाही. स्प्रिंगांच्या खणात ठेवल्यात, म्हणजे हरवणार नाहीत. कशा घ्यायच्या ते कागदावर आहे, पण ते डॉक्टरचं अक्षर, त्यापेक्षा तू सांग.

शेजारचा बेकरीवाला रोज एक ताजा पाव टाकून जातो, ते चालूच आहे. बाबांची पद्धत मी सोडलेली नाही. घड्याळाची कागदी तबकडी पावाच्या मऊ गराने पुसायची, पाण्याचा थेंब लावायचा नाही. गर तबकडीला आणि कडा माझ्या पोटात. गेला आठवडा मात्र कडा चहात बुडवून गिळल्या.

तुझी छाती कशी आहे? दुकानाचा जिना चढताना अजून मध्ये थांबतेस का?

तुझी,
ताई


६ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

तुझं पत्र काउंटरमागे उभ्या उभ्या वाचलं. समोर सहा माणसं खोकत होती, त्यांना खोकू दिलं.

स्प्रिंगांच्या खणात! धन्य आहे तुझी. अगं, ठणका थांबला तो पू बाहेर पडला म्हणून. आतले जंतू अजून मुक्कामाला आहेत. डॉक्टरने गोळ्या दिल्या त्या खणाची शोभा वाढवायला नाही. मी रोज हेच बोलते, दिवसातून चाळीस वेळा, आणि माझी सख्खी बहीण तेच करते जे ते चाळीस जण करतात.

तर ऐक. ही गोळी उपाशीपोटी घ्यायची. म्हणजे खाण्याच्या तासभर आधी, नाहीतर खाल्ल्यावर दोन तास जाऊ दिल्यावर. पोटात अन्न असलं की ती नीट लागू पडत नाही. दिवसातून चार वेळा म्हणजे दर सहा तासांनी, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन असला हिशेब नाही. पेलाभर पाणी. एखादी चुकली तर आठवल्यावर घे, पण दोन एकदम घेऊ नकोस. तिसऱ्या दिवशी तुला एकदम बरं वाटेल आणि उरलेल्या ठेवून द्याव्यात असं मनात येईल. तेव्हा माझं तोंड आठव आणि संपव. सातही दिवस.

आणि हे मी सगळ्यांना सांगते म्हणून तुलाही सांगते: अंगावर पित्त उठल्यासारखे चट्टे आले, ओठ किंवा जीभ सुजली, घशात काही अडकल्यासारखं झालं, श्वास लागला, तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि तडक हॉस्पिटल गाठायचं. ज्यांना हे औषध सोसत नाही ती माणसं यात जातात. अर्धा तास पुरतो. तुझ्या बाबतीत ती काळजी नाही. तुला ते चालतं, हे कागदावर नसलं तरी आपल्या दोघींना ठाऊक आहे. का विसरलीस?

माझी छाती होती तशीच आहे. हृदयाची झडप जुनी झाली, तिच्याकडून फार अपेक्षा नाहीत. जिन्यात थांबते, पण थांबायला जागा बरी आहे, तिथे खिडकी आहे.

आजच सुरू कर.

धाकटी


१० फेब्रुवारी, सोमवार

धाकटे,

तू आहेस तिथून मला ओरडू शकतेस, हे बघून तुझ्या छातीची काळजी कमी झाली.

पण दर सहा तासांनी म्हणजे कुठल्या घड्याळाने? दुकानात आज एकतीस घड्याळं चालू आहेत आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नाही. दुरुस्त केलेलं घड्याळ मी आठ दिवस भिंतीवर चालतं ठेवते, किती मागे पडतं, किती पुढे जातं ते बघते. बारा वाजायला लागले की पावणेबारा ते सव्वाबारा वाजतच राहतात. माझा डावा कान त्यातच गेला. म्हणून तर बेकरीतल्या फोनवर मी येत नाही. तू बोलणार, मी "हं हं" म्हणणार आणि अर्धी बेकरी ऐकणार.

आणि उपाशीपोटी! अगं, मी साठी ओलांडलेली बाई, हातात दिवसभर पाव. तबकडी पुसली की कड तोंडात. गुरुवारी मी खरंच ठरवलं होतं, दोन तास काही खायचं नाही. पाऊण तासाने बघते तर तोंड चालू. कधी घातलं, मलाच कळलं नाही. तेव्हा गोळ्या आहेत तिथेच आहेत. बेकरीवाला पिठाने खोकतो आहे, त्यालाच देऊन टाकाव्यात असंही मनात आलं.

हिरडी थोडी टणटणते आहे. फार नाही.

आता ते दुसरं. तुला आठवतं आहे, हे वाचून मी चिमटा खाली ठेवला. मला वाटायचं तू विसरलीस. नऊ वर्षांची होतीस आणि मी अकराची. घसा लाल, गिळता येईना, आणि शाळेमागच्या दवाखान्यात दहा दिवस रोज एक सुई, असं लिहून दिलेलं. आईची दिवसपाळी, म्हणून मीच तुला नेणार. दाराशी तू अशी बसकण मारलीस की मी ओढलं तर फ्रॉकची शिवण उसवली. मग मीच तुझा कागद घेऊन आत गेले. तुझं नाव पुकारलं, मी "हजर" म्हटलं, जसं काही वर्गात. दोन वेण्या, तोच गणवेश, त्या परिचारिकेला कोण कुठली ते काय कळणार! पहिल्या दोन सुया मी खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच बंद केल्या. तुझा घसाही आपोआप बरा झाला. कोणाचं काही वाकडं झालं नाही.

इतक्या वर्षांनी लिहिताना बरं वाटतंय. तुझ्यासाठी एवढं तरी केलं.

ताई


१३ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

बेकरीवाल्याला एकही गोळी द्यायची नाही. खोकला त्याचा, दाढ तुझी, औषध तुझ्या नावाचं. त्याला ते सोसतं की नाही, तुला काय माहीत? लोक हौसेने एकमेकांना गोळ्या वाटतात आणि मग माझ्याकडे धावत येतात.

टणटणते म्हणजे पुन्हा भरते आहे. डॉक्टरकडे जा आणि खरं सांग की एकही गोळी घेतली नाही. ओरडला तर ओरडू दे. मग सुरू कर. पावाचं असं कर: सकाळची गोळी डोळे उघडल्या उघडल्या घे, दुकानाच्या फळ्या काढायच्या आत, आणि मग तासभर पाव कपाटात कुलपात ठेव. किल्ली बेकरीवाल्याकडे दे.

मी काहीही विसरलेले नाही. दवाखान्याच्या मागच्या बाजूला पायऱ्या होत्या, तिथे मी तुझं दप्तर मांडीवर घेऊन बसायचे. तिसऱ्या पायरीचा कोपरा तुटलेला होता. पहिल्या दोन दिवशी तू लगेच आलीस. तिसऱ्या दिवशी फार वेळ लागला. मी दप्तराचा पट्टा चावून चावून ओला केला. मग तू आलीस, तोंड लालबुंद, आणि म्हणालीस, "संपलं. आता तुला कधीच बोलावणार नाहीत." मी विचारलं, काय केलंस? तू म्हणालीस, "केलं काहीतरी." घरी चिठ्ठी गेली की धाकटीला या औषधाने पुरळ उठतं, पुन्हा देऊ नये. आईने माझे हात-पाय उलटसुलट करून पाहिले, काही दिसलं नाही, ती म्हणाली उतरलं असेल.

तेव्हापासून मी मानून चालले आहे की तू त्या परिचारिकेला काहीतरी थाप मारलीस. इतकी बेमालूम थाप की ती माझ्या प्रत्येक कागदावर चढली, पर्समध्ये जाऊन बसली. कार्ड अजून बाळगते. पन्नास वर्षांची थाप आहे, टाकवत नाही. पण नेमकं काय सांगितलंस ग तिला? मी कधी विचारलंच नाही.

घसा बरा झाला, हो. आज इथे फार गर्दी आहे, थांबते.

धाकटी


२० फेब्रुवारी, गुरुवार

धाकटे,

उशीर झाला, कारण नगरपालिकेच्या मनोऱ्यावरचं घड्याळ बंद पडलं आणि त्यांना साठ वर्षांची बाई शिडीवर चढवायला काही लाज वाटली नाही. शनिवार-रविवार पुन्हा वर जायचं आहे. वर पाणी नाही, खाली यायला वीस मिनिटं, तिथे सहा-सहा तासांचं जमणार नाही. दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. ओरडला. पुन्हा थोडा पू काढला आणि म्हणाला, आता मात्र गोळ्या सुरू केल्याच पाहिजेत. मी त्याला शब्द दिला आहे. सोमवारी चोवीस तारखेला, सकाळी सहाला पहिली. बाबांच्या लंबकाच्या घड्याळाने, तेच एक खरं बोलतं. तेव्हा आता तू झोपेत दचकू नकोस.

तू थाप म्हणतेस. मी थाप नाही मारली ग. मला एवढी अक्कल असती तर मी घड्याळं दुरुस्त करत बसले असते का? मी काहीच बोलले नाही, एवढंच.

झालं असं की त्या दिवशी मी घरून काही न खाता निघाले होते. सुई टोचली, मी बाकावर बसले. दोन-चार मिनिटांत तळहात खाजायला लागले, मग मान, मग सगळं अंग. आईने तो नवा लोकरी स्वेटर घातला होता ना, करड्या रंगाचा, त्याचंच ते. मी तो काढून टाकला. बघते तर अंगभर लाल गाठी. ओठ इतके जड झाले की मला हसू आलं, आणि हसता येईना. परिचारिकेने नाव विचारलं, तर आवाज बाहेर पडेना, घशात बूच बसल्यासारखं. मग म्हणे मी पडलेच. उपाशी होते, दुसरं काय. जाग आली तेव्हा मी टेबलावर, पाय उशीवर वर केलेले, दंडात आणखी एक सुई टोचलेली आणि डॉक्टर स्वतः नाडी धरून उभे. तासाभराने उतरलं सगळं. त्यांनी तुझ्या नावावर लिहिलं, की हिला हे औषध सोसत नाही. मी गप्प बसले. कारण मी तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुला आत जावं लागलं असतं. आणि आईने माझी सालटी काढली असती.

तुला मुद्दाम सांगितलं नाही, घाबरली असतीस. शिवाय तुला वाटत होतं मी काहीतरी शक्कल लढवली, तेच मला आवडत होतं. पुढे तो स्वेटर मी कधीच घातला नाही. लोकर मला आजही चालत नाही असं सगळ्यांना सांगते.

सोमवारी रात्री लिहीन, पहिल्या दिवसाचा वृत्तान्त.

ताई


(बेकरीच्या पाव बांधायच्या कागदावर, पेन्सिलीने)

सोमवार, दुपार

ताईबाई,
तुमच्या दुकानात येऊन तीनदा ओरडलो. तुमची बारा घड्याळं बारा वाजवतायत, उरलेली वाजवणार आहेत, तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवताय. म्हणून लिहून देतो.
तुमच्या धाकट्या बहिणीचा फोन. गोळी घेऊ नका. गोळी घेऊ नका. दोनदा लिहायला सांगितलं. घेतली असेल तर बरं वाटत असलं तरी आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात, एकटीने नाही, मला घेऊन. तो स्वेटर नव्हता, ती सुई होती, असं म्हणाल्या. मला काही कळलं नाही, तुम्हाला कळेल म्हणाल्या.
रडत होत्या. फोन चालू ठेवलाय. घेतली की नाही घेतली, बोटाने दाखवा.
— बेकरी


२६ फेब्रुवारी, बुधवार

धाकटे,

बेकरीवाल्याची चिठ्ठी सोबत पाठवते आहे. जपून ठेव, मला परत हवी आहे.

त्याने तुला फोनवर सांगितलंच आहे की घेतली नव्हती. का नव्हती घेतली, ते मी लिहिते, कारण त्याला ते सांगायला शरम वाटली असणार, माझ्या वतीने.

सोमवारी पाचलाच उठले. भिंतीवरच्या एका घड्याळाची जुनी कागदी तबकडी काढून ठेवलेली होती, म्हटलं सहा वाजेपर्यंत पुसून होईल. पाव हातात होता. पावणेसहाला लक्षात आलं की तोंड हलतंय. आता दोन तास थांबणं आलं, म्हणजे पावणेआठ. साडेसातला बेकरीवाला गरम बन घेऊन आला, नवीन भट्टीचा, चाखून सांगा म्हणाला. चाखला. साडेनऊ. नऊला मनोऱ्याचा शिपाई आला, त्याच्याबरोबर चहा आणि बिस्किटं. अकरा. अकराला मी गोळी काढून काचेच्या ताटलीत ठेवली, पाणी ओतलं, आणि एक गिऱ्हाईक आलं. ते जाईपर्यंत ताटलीतली पावाची कड मी खाऊन टाकलेली. मी स्वतःला अशा शिव्या घातल्या म्हणून सांगू! एक गोळी वेळेवर घेता येत नाही, आणि म्हणे लोकांना वेळ दाखवते. सव्वा वाजायच्या आत तोंडात काही घालशील तर बघ, असं मी मोठ्याने स्वतःलाच बजावत होते, तेवढ्यात तो कागद घेऊन नाचत आत आला.

तू उपाशीपोटी म्हणाली नसतीस तर मी सहालाच घेतली असती.

वाचून पहिल्यांदा मला राग आला. पन्नास वर्षं मी त्या स्वेटरला दोष देते आहे, आणि ही मला शिकवते! मग खुर्चीत बसले. मला भीती वाटली, धाकटे, खरं सांगते. ताटलीत ती गोळी स्क्रूंच्या शेजारी पडलेली, एवढीशी.

बेकरीवाला ऐकेना, तशीच हॉस्पिटलात नेली, काही झालेलं नसताना. तिथली डॉक्टरीणबाई पन्नाशीची, शांत. तिने सगळं ऐकून घेतलं. ओठ, घसा, पडणं, दंडातली सुई. म्हणाली, हे त्या औषधानेच, यात तिला शंका नाही. इतक्या वर्षांत ते अंगातून गेलंही असेल, पण तपासल्याशिवाय ती मला त्या जातीची एकही गोळी देणार नाही आणि मीही घ्यायची नाही. माझ्या कागदावरचं "काही नाही" तिने लाल शाईने खोडलं. दुसऱ्या जातीच्या गोळ्या दिल्या आहेत. त्या जेवणानंतर घ्यायच्या. माझ्यासारखीला कोणीतरी शोभेल असं औषध काढलं एकदाचं! कालपासून घेते आहे, बरोबर वेळेवर.

मग तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "सुया बहिणीसाठी होत्या ना? मग तिला काय दिलं?" मी म्हटलं, काही नाही, तिचा घसा आपोआप बरा झाला. ती म्हणाली, "आणि नंतर? तीन-चार आठवड्यांनी? ताप, सांधे वगैरे?"

मी बोटांवर आठवडे मोजले. तिने मला काहीही समजावलं नाही आणि मला सगळं समजलं.

सुया थांबल्या आणि महिन्याच्या आत तुझे गुडघे सुजले. मग घोटे, मग मनगटं. तीन महिने तू खाटेवर होतीस, शाळेचं वर्ष गेलं. मी तुझ्या उशाशी बसून गोष्टी वाचायचे आणि स्वतःला फार चांगली बहीण समजायचे. तेव्हाच डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं की छातीत आवाज येतो. तीच ना ही झडप?

तू चाळीस वर्षं औषधं देते आहेस. हे तुला माहीत नव्हतं असं मला लिहू नकोस. मागच्या पत्रात "घसा बरा झाला, हो" असं लिहून तू लगेच गर्दीचं निमित्त काढलंस, ते मला आता दिसतंय. आणि त्याच्या आधीच्या पत्रात मी लिहिलं होतं, कोणाचं काही वाकडं झालं नाही. ते तू कसं वाचलंस?

दाढेचा ठणका कमी आहे. बाकी काही कमी नाही.

ताई


१ मार्च, शनिवार

ताई,

हो, मला माहीत होतं. औषधशास्त्राच्या दुसऱ्या वर्षी पुस्तकात अर्ध्या पानाचा मजकूर होता, घसा, सुया, सांधे, झडप. मी ते पान तीन वेळा वाचलं, पुस्तक मिटलं आणि जेवायला गेले. तुला सांगायचं नाही, हे जेवतानाच ठरलं. पुढे पुन्हा ठरवायची वेळ आली नाही.

कारण सांगते, आणि हे एकदाच लिहीन. मी नऊ वर्षांची असताना माझ्यासाठी कोणीतरी आत जाऊन सुई खाल्ली. मला खात्री होती की पुढे काहीही झालं तरी असं माणूस मला आहे. ते माणूस जर रोज सकाळी उठून स्वतःला दोषी धरणार असेल, तर मग माझ्याकडे राहिलं काय? त्यापेक्षा झडप परवडली. मी तुझ्यावर कधी रागावले नाही. आत तू गेलीस, पण दाराशी बसकण मी मारली होती, हे विसरू नकोस. शिवण माझीच उसवली होती.

पण मी जे केलं ते आता ऐक. कार्ड खोटं आहे हे मला ठाऊक होतं. आई होती तोवर तुझी चोरी उघडी पडेल म्हणून बोलले नाही. आई गेली, मग सांगायचं राहून गेलं. आणि अगदी खरं सांगायचं तर ते सोयीचं होतं. सांध्यांचा ताप पुन्हा उलटू नये म्हणून बाकीच्यांना वर्षानुवर्षं पेनिसिलिनच्या सुया देतात. मला कार्ड बघून साध्या गोळ्या मिळायच्या. सुईला मी अजूनही घाबरते. अख्ख्या गावाला औषधं देते आणि सुई बघितली की मी दार शोधते, हे माझ्या दुकानातल्या कोणालाही माहीत नाही.

एवढं असूनही मी तुला एकदा विचारलं नाही, की त्या दिवशी आत काय झालं? रोज अनोळखी लोकांना काउंटरवरून विचारते, पूर्वी कधी काही त्रास झाला होता का, ओठ सुजले होते का. तुला लिहिलं, तुझ्या बाबतीत ती काळजी नाही. वर दोनदा ओरडले, सुरू कर, सुरू कर. तुझं पत्र सोमवारी पावणेबाराला आलं. "ओठ इतके जड झाले" इथपर्यंत वाचलं आणि घड्याळाकडे पाहिलं. सहाला पहिली. मी मनात म्हटलं, सहा तास झाले. बेकरीचा फोन लागेपर्यंतचं मी लिहू शकत नाही.

तुझ्या पावाच्या कडांना माझा नमस्कार सांग.

सोबत माझं कार्ड आहे. माझं नाव खोडलं आहे, तुझं घातलं आहे, तारीख आणि काय झालं तेही लिहिलं आहे. ओठ, घसा, बेशुद्धी. "लोकर" लिहिलेलं नाही. पर्समध्ये पुढच्या कप्प्यात ठेव, स्प्रिंगांच्या खणात नाही. दातांचा डॉक्टर असो, डोळ्यांचा असो, कोणी चिठ्ठी लिहायला पेन उचललं की आधी हे दाखवायचं.

आता माझ्याकडे कार्ड नाही. काल माझ्या हृदयाच्या डॉक्टरला सगळं सांगून टाकलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाला, तुम्ही औषधांच्या दुकानात असता ना? मग म्हणाला, म्हणजे तुम्हाला ते औषध आजवर एकदाही दिलेलं नाही, तर आता चाचणी करून बघू. हातावर बारीकशा सुया, नंतर तास-दोन तास बसवून ठेवतात. बारा तारखेला, बुधवारी, सकाळी दहाला.

तू ये. दुकान दोन दिवस बंद ठेव, एकतीस घड्याळं तुझ्याशिवाय वाजतील. माझं नाव पुकारतील तेव्हा उठायचं नाही, हजर म्हणायचं नाही. मी आत जाईन. हॉस्पिटलच्या बाजूला पायऱ्या आहेत, मी बघून आले. तू तिथे माझी पर्स मांडीवर घेऊन बस.

धाकटी